सोरायसिस: आठवड्याची गोळी, लाइट, की गावातलं इंजेक्शन?

तुम्ही विचारलंय की वडिलांची पाठ, कोपरे, पोटऱ्या सोरायसिसनं भरल्यात, डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट लिहून दिली, पण ती गोळी घातक असल्याचं ऐकून घरचे घाबरलेत. मग लाइट (दवाखान्यात यंत्रातून दिले जाणारे अतिनील किरण) घ्यावी की गावातच इंजेक्शन मारून घ्यावं?

इंजेक्शन नकोच. ‘एका सुईत साफ’ म्हणून गावात जे टोचतात ते बहुतेकदा स्टिरॉइड असतं. अंग काही दिवसांत स्वच्छ दिसतं, असर उतरला की चट्टे आधीपेक्षा जोरात उसळतात. कधी अंगभर पुवाचे फोड आणि ताप येऊन भरती करावं लागतं. बिनालेबलच्या पुड्यांतही स्टिरॉइड मिसळलेलं निघतं.

आता पसारा मोजा. वडिलांचा तळहात, बोटांसकट, म्हणजे त्यांच्या अंगाचा साधारण १ टक्का. दोन-तीन तळहातांएवढं असतं तर मलमावर भागलं असतं. बोटाच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून काढलेली रेघ अर्धा ग्रॅम भरते आणि दोन तळहातांना पुरते. दहा तळहातांना दिवसातून दोनदा लावायचं तर ३० ग्रॅमची ट्यूब सहा दिवसांत संपते. शिवाय क्लोबेटासोलसारखं जोरदार स्टिरॉइड मलम महिनोन्‌महिने चोळलं की कातडी पातळ होते.

लाइट, म्हणजे नॅरोबँड यूव्हीबी, चांगला उपचार आहे. पण आठवड्यातून दोन-तीनदा, असे २० ते ३० वेळा जावं लागतं आणि मध्ये खंड पडला की डोस कमी करावा लागतो. कापूस वेचणीच्या दिवसांत गावाहून यवतमाळला एवढ्या चकरा कोण मारणार? मे महिन्याच्या उन्हात बसणं हा त्याचा पर्याय नाही. कातडी भाजली तर तिथंच नवा चट्टा उठतो.

म्हणून तुमच्याकडे मला गोळीच जास्त योग्य वाटते. ती जिवावर बेतते ती मुख्यतः एका चुकीनं: आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी रोज घेतली जाते. तोंड सोलतं, पांढऱ्या पेशी कोसळतात. गावचा आठवडी बाजार ज्या दिवशी, तोच गोळीचा दिवस ठरवा आणि पाकिटावर ठळक लिहून ठेवा. डॉक्टर फॉलिक ॲसिड देतील, ते वेगळ्या दिवशी. दोन्ही गोळ्या पिवळ्या दिसू शकतात, एका डबीत ठेवू नका.

सुरू करण्याआधी रक्तपेशी, लिव्हर, किडनी तपासतात. सुरुवातीला दर काही आठवड्यांनी, पुढे साधारण तीन महिन्यांनी. ही तपासणी चुकवायची असेल तर गोळी सुरूच करू नका. दारू, मोहाचीसुद्धा, पूर्ण बंद. लिव्हरवर दुहेरी मार बसतो. तापासाठी कुणी को-ट्रायमॉक्साझोल हे अँटिबायोटिक देत असेल तर आधी मेथोट्रेक्सेट चालू असल्याचं सांगा, ही जोडी अस्थिमज्जा, म्हणजे रक्तपेशी बनवणारा हाडातला मगज, दाबते. डायक्लोफेनॅकसारखी दुखण्याची गोळीही विचारूनच. तोंडात फोड, ताप, कोरडा खोकला, धाप यातलं काही आलं तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी दवाखाना गाठा.

फरक दिसायला सहा-आठ आठवडे लागतात. लोक इथंच कंटाळून पुड्यांकडे वळतात. तोवर आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच व्हॅसलीन किंवा खोबरेल लावा. पापुद्रे वजरीनं घासून काढू नका.

सकाळी बोटं, टाचा अर्धा तासाहून जास्त आखडत असतील तर हे डॉक्टरांना नक्की सांगा. आजार सांध्यात उतरत असेल तर उशिरानं सांधे कायमचे वाकडे होतात. आणि मेथोट्रेक्सेट सोसलीच नाही तर अ‍ॅप्रेमिलास्ट या गोळीबद्दल विचारा: तिला वारंवार रक्ततपासणी लागत नाही, पण ती रोज दोनदा घ्यावी लागते आणि सुरुवातीला जुलाब, मळमळ होते.