पेशीपटल काही पदार्थ आत सोडतं, काही अडवतं. पेशीच्या जगण्यासाठी ही निवड एवढी महत्त्वाची का?

‘पोषक द्रव्यं आत, टाकाऊ द्रव्यं बाहेर’ हे पुस्तकातलं उत्तर अपुरं वाटतं, असं तुम्ही लिहिलंय. मलाही ते अपुरंच वाटतं. ते चूक नाही, पण मुख्य गोष्ट त्यातून निसटते. पेशी जिवंत असते तोवर तिच्या आतलं मिश्रण बाहेरच्यापेक्षा फार वेगळं असतं. हा फरक टिकवणं हे पटलाचं सगळ्यात मोठं काम. तो मिटला की पेशी संपली.

मी पेशी वाढवण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. तिथे जिवंत आणि मेलेल्या पेशी वेगळ्या ओळखायची रोजची पद्धत याच गोष्टीवर उभी आहे. पेशी असलेला थोडा द्रव घ्यायचा, त्यात तेवढाच ट्रिपान ब्लू हा निळा रंग मिसळायचा आणि चौकोन आखलेल्या काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. जिवंत पेशी स्वच्छ, चकचकीत दिसतात. मेलेल्या गडद निळ्या. या रंगाचा रेणू मोठा आणि विद्युतभारित असतो, त्यामुळे धडधाकट पटल त्याला आत घेत नाही. मोजणी काही मिनिटांत उरकावी लागते, कारण रंगात फार वेळ राहिल्या तर चांगल्या पेशीही निळ्या पडू लागतात. पेशी श्वसन करते का, तिचं विभाजन होतं का, यातलं काहीही इथे तपासलेलं नसतं. पटल शाबूत आहे ना, एवढंच बघून आम्ही तिला जिवंतांत धरतो.

आता निवड होते कशी? बरेच जण पटल म्हणजे चाळणी समजतात: बारीक ते आत, मोठं ते बाहेर. ही कल्पना आधी सोडून द्या. पटल म्हणजे मेदरेणूंचे दोन थर, जाडी जेमतेम ५ नॅनोमीटरच्या आसपास, आणि मधला भाग तेलासारखा. ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड त्यातून सहज जातात. स्टेरॉइड संप्रेरकाचा रेणू सोडिअमच्या आयनापेक्षा (म्हणजे विद्युतभारित अणूपेक्षा) कितीतरी मोठा, तरी तो मेदात विरघळतो म्हणून आरपार जातो. सोडिअम चिमुकला असूनही अडतो, कारण त्याच्यावर विद्युतभार असतो आणि भोवती पाण्याचे रेणू घट्ट धरलेले असतात. ग्लुकोजलाही मेदाच्या थरातून वाट जवळजवळ नसतेच. अशा पदार्थांसाठी पटलात प्रथिनांच्या वाहिन्या आणि वाहक असतात. खरी निवड तिथे होते.

पोटॅशिअमच्या वाहिनीचं उदाहरण मला फार आवडतं. सोडिअमचा आयन पोटॅशिअमपेक्षा लहान असतो, तरीही या वाहिनीतून हजारो पोटॅशिअम जावेत तेव्हा कुठे एखादा सोडिअम जातो. आयनाला अरुंद भागात शिरताना अंगाभोवतीचं पाणी सोडावं लागतं आणि त्याला ऊर्जा लागते. वाहिनीत ऑक्सिजनचे अणू अगदी अशा अंतरावर बसलेले असतात, की पोटॅशिअमला पाण्याकडून मिळणारा आधार तिथेही तेवढाच मिळतो. सोडिअम त्या जागेत लहान पडतो. त्याचं सगळ्या ऑक्सिजनांशी नीट जुळत नाही, आणि पाणी सोडणं त्याला परवडत नाही. एवढी काटेकोर निवड असूनही सेकंदाला कोटींच्या घरात पोटॅशिअम आयन जाऊ शकतात! रॉडरिक मॅकिनन यांनी १९९८ मध्ये या वाहिनीची रचना दाखवली. २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना आणि पाण्याच्या वाहिन्या शोधणाऱ्या पीटर ॲग्रे यांना मिळून देण्यात आलं.

पेशीत पोटॅशिअम लिटरला साधारण १४० मिलिमोल, बाहेर ४-५. सोडिअमचं उलट: बाहेर १४५च्या आसपास, आत १०-१५. कॅल्शिअमचा फरक तर दहा हजारपट. सोडिअम आणि पोटॅशिअम दोन्ही थोडे थोडे झिरपतच असतात, म्हणून एक पंप अखंड चालू ठेवावा लागतो: एटीपीचा (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) एक रेणू खर्च करून ३ सोडिअम बाहेर, २ पोटॅशिअम आत. येन्स स्कौ यांनी तो १९५७ मध्ये मांडला आणि त्यांना १९९७ मध्ये नोबेल मिळालं. चेतापेशींचे संदेश या फरकावर चालतात. आतड्यात ग्लुकोज शोषलं जातं तेही सोडिअमच्या आत येण्याच्या ओढीवर.

शिवाय पाण्याचा प्रश्न असतोच. पेशीत प्रथिनं आणि इतर मोठे रेणू कोंडलेले असतात, त्यामुळे परासरणाने पाणी सतत आत यायला बघतं. प्राण्यांच्या पेशीला भित्तिका नाही. सोडिअम बाहेर ठेवूनच ती हा तोल सांभाळते. लाल रक्तपेशी शुद्ध पाण्यात टाकल्या तर फुगून फुटतात. शिरेतून नुसतं शुद्ध पाणी देत नाहीत ते यामुळेच.

पटल बिघडलं की काय होतं, ते रक्तपुरवठा तुटलेल्या अवयवात क्रमाने दिसतं. ऑक्सिजन संपतो, एटीपी घटतं, पंप मंदावतो. सोडिअम आत साचतो, त्याच्या मागोमाग पाणी येतं आणि पेशी सुजते. मग कॅल्शिअम आत शिरतं आणि मेद तोडणारी विकरं जागी होतात. ती पटलच कुरतडू लागतात. इथून पुढे पेशी सहसा वाचत नाही.

म्हणूनच प्रत्यारोपणासाठी काढलेलं यकृत किंवा मूत्रपिंड नुसत्या मिठाच्या पाण्यात ठेवत नाहीत. विस्कॉन्सिन विद्यापीठात फोल्कर्ट बेल्झर आणि जेम्स साउथर्ड यांनी १९८०च्या दशकात तयार केलेल्या द्रावणात पोटॅशिअम जास्त (सुमारे १२५ मिलिमोल) आणि सोडिअम कमी असतं, म्हणजे जवळजवळ पेशीच्या आतल्यासारखं. अवयव थंड ठेवतात आणि थंडीत पंप मंदावतो. पण आत-बाहेर फरकच फारसा नसल्याने आयन वाहून जात नाहीत. सूज येऊ नये म्हणून लॅक्टोबायोनेट आणि रॅफिनोज हे सहसा पटल न ओलांडणारे रेणू घातलेले असतात. ते बाहेर राहून पाणी धरून ठेवतात. अवयवात पुन्हा रक्त सोडण्याआधी मात्र हे द्रावण धुऊन काढावं लागतं, कारण एवढं पोटॅशिअम एकदम रक्तात गेलं तर हृदय थांबू शकतं. हृदयाच्या पेशीही आत-बाहेरच्या याच फरकावर चालतात.