‘ती’च्या जागी ‘मी’

“मॅडम, मी स्वतःच अजून धड सावरले नाहीये. मग दुसऱ्याला धीर द्यायचा मला काय अधिकार?”

हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो. कुणाला शाळेत भाषणाला बोलावलेलं असतं, कुणाला महिला मंडळात ‘तुमचा अनुभव सांगा’ म्हणून आग्रह झालेला असतो. या वेळी विचारणाऱ्या बाई कथालेखिका होत्या. त्यांच्या संमतीनं लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. पन्नाशी ओलांडलेल्या, कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या, वीसेक वर्षं दिवाळी अंकांतून कथा लिहिणाऱ्या. नवऱ्याची दारू सुटून सहा वर्षं झालेली. एका घरगुती कार्यक्रमात त्या याविषयी दहा मिनिटं बोलल्या, ते एका प्रकाशकांच्या कानावर गेलं आणि आठवड्याभरात फोन आला. कथासंग्रह सध्या राहू द्या, हे लिहा. पत्नीच्या जिद्दीनं नवऱ्याची दारू कशी सुटली, असं प्रेरणादायी पुस्तक. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी लक्षात ठेवण्यासारख्या पाच गोष्टी.

त्यांनी होकार दिला. चाळीस पानं लिहिली आणि हात थांबला. झोप उडाली. आणि एक दिवस त्या स्वतःलाच घाबरल्या, कारण नवरा अंघोळीला गेलेला असताना त्यांनी त्याची पाण्याची बाटली उघडून हुंगली. ही सवय सुटून चार वर्षं झाली होती.

त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी माझा नंबर मिळवला.

ती चाळीस पानं मी वाचली. ‘संकट ही संधी असते’, ‘प्रत्येक स्त्रीत एक दुर्गा दडलेली असते’. शुद्धलेखन चोख, वाक्यं गोळीबंद, पण बाईंचा त्यात कुठे पत्ताच नव्हता. मी साहित्याची जाणकार नाही, पण माणूस स्वतःच्या वाक्यापासून किती लांब उभा आहे हे ऐकणं माझं कामच आहे. पुढच्या भेटीला मी त्यांना त्यांचीच एखादी जुनी कथा आणायला सांगितलं, जिच्यात दारू पिणारा नवरा आहे अशी. त्या तीन घेऊन आल्या.

एकीतला एक परिच्छेद वाचायला सांगितला. त्यातल्या बाईला रोज रात्री स्कूटरच्या स्टँडचा आवाज ऐकायची सवय आहे. स्टँड एका झटक्यात लागलं तर ती ताट वाढायला घेते. दोन-तीनदा फरशीवर खरखरलं तर मुलीला आतल्या खोलीत पाठवते आणि स्वयंपाकघरातला दिवा मालवते. मालवल्यावर ओट्यापाशी उभी राहून ती जिन्यावरची पावलं मोजते.

“आता हेच ‘मी’ घालून वाचा,” मी म्हटलं.

“मी रोज रात्री स्टँडचा आवाज ऐकायची. एका झटक्यात लागलं तर मी ताट... खरखरलं तर मी माझ्या मुलीला...” तिथं त्या थांबल्या. पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं. बराच वेळ गेला. मग म्हणाल्या, “वीस वर्षं मी ‘ती’च्या आड उभी आहे.”

मला यात दोष दिसला नाही, आणि तसं मी त्यांना सांगितलंही. त्या ‘ती’नं त्यांना तगवलं होतं. पण ललितेतर लिहायचं म्हणजे ती आडोशाची भिंत काढायची. प्रकाशकांची पाच-पाच बोधवाक्यं ही घाईघाईनं उभी केलेली दुसरी भिंत होती, आणि तिच्यामागे त्यांचा जीव गुदमरत होता.

त्यांना मी एक स्वाध्याय दिला. 1986 साली जेम्स पेनबेकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं सहकारी सँड्रा बील यांच्यासोबत विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. सलग 4 दिवस, रोज 15 मिनिटं, मनाला खोल लागलेल्या घटनेबद्दल लिहायचं. घटना आणि तिच्याबद्दलच्या भावना असं दोन्ही ज्यांनी लिहिलं, त्यांना लिहून झाल्याझाल्या जास्तच वाईट वाटत होतं. मात्र पुढच्या काही महिन्यांत त्यांचं आजारपणासाठी दवाखान्यात जाणं इतरांपेक्षा कमी राहिलं. आधी वाईट वाटतं, ही गोष्ट मी प्रत्येकाला अगोदर सांगते, नाहीतर दुसऱ्या दिवशी लोक घाबरून वही बंद करतात. ज्यांच्या मनात जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येतात, त्यांना हा स्वाध्याय मी एकट्यानं करायला देत नाही. बाईंच्या बाबतीत ते विचारून, खात्री करून घेतली होती. अट एकच: हे कुणालाही दाखवायचं नाही, प्रकाशकांना तर नाहीच.

अपेक्षेप्रमाणे दुसऱ्या रात्री फोन आला. “मी त्याच्याबद्दल लिहायला बसले आणि सगळं माझ्याबद्दलच येतंय. मी मुलीला किती वेळा खोटं बोलायला लावलं ते.”

“तेच लिहा,” म्हटलं. “पंधरा मिनिटं झाली की उठा आणि भांडी घासा.”

पुढच्या भेटीत आम्ही ‘जिद्द’ या शब्दापाशी आलो, आणि मला वाटतं सगळी गाठ तिथंच होती. बाई अल-अ‍ॅनॉनच्या मीटिंगला जात. दारूच्या व्यसनात सापडलेल्यांच्या घरच्या माणसांसाठीची ही संघटना 1951 पासून आहे. तिथं नव्या बाईला पहिल्या काही दिवसांतच तीन गोष्टी सांगतात: हे व्यसन मी लावलं नाही, मी ते ताब्यात ठेवू शकत नाही, मी ते बरं करू शकत नाही. ज्या बाईनं वर्षानुवर्षं ‘तुझ्या तोंडामुळेच तो पितो’ असं सासरचं बोलणं ऐकलंय, तिच्यासाठी ही वाक्यं म्हणजे औषध असतं.

मी विचारलं, “तुमचं पुस्तक म्हणतंय की तुमच्या जिद्दीनं त्यांची दारू सुटली. मीटिंगमध्ये तुमच्या शेजारी बसणारी, जिचा नवरा कालही पिऊन आलाय, ती हे वाचून काय समजेल?”

उत्तर त्यांनी लगेच दिलं. “की तिचीच जिद्द कमी पडली.”

यासाठीच हात थांबला होता. त्यांना अधिकार नाही म्हणून नव्हे. त्यांच्या आतल्या लेखिकेला कळत होतं की आपण लिहितोय ते खरं नाही आणि ते एखाद्या बाईला लागू शकतं. बाटली हुंगायची सवय परत का आली, तेही मग उलगडलं. ‘माझ्यामुळे सुटली’ असं छापलं, की ती टिकवायची जबाबदारीही आपलीच. उद्या तो पुन्हा प्यायला तर पुस्तक खोटं आणि बाईही खोट्या. व्यसनाच्या आजारात घसरण होऊ शकते, सहा वर्षांनंतरही होऊ शकते. एए, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेत म्हणूनच ‘फक्त आजचा दिवस’ म्हणतात.

आता उरली घरातली माणसं. कथेत पात्राचं नाव बदललं, गाव बदललं, दोन माणसांचं एक केलं, की भागतं. ललितेतर लेखनात नवरा हा नवराच असतो. त्यातून हे गृहस्थ एएचे सभासद. वर्तमानपत्रं, रेडिओ, चित्रपट अशा ठिकाणी सभासदानं आपली ओळख उघड करायची नाही, ही एएची अकरावी परंपरा आहे; संघटनेनं पाळायच्या तत्त्वांना तिथं ‘परंपरा’ म्हणतात. अल-अ‍ॅनॉनच्या अकराव्या परंपरेतही एएच्या सर्व सभासदांची अनामिकता विशेष काळजीनं जपायला सांगितलंय. बाईंच्या खऱ्या नावानं पुस्तक आलं तर नवऱ्याची ओळख लपणार कशी?

मी दोघांना एकत्र बोलावलं. ते कमी बोलणारे. आधी म्हणाले, “तिच्या गोष्टीतला तो माणूस मीच आहे हे मला पहिल्यापासून माहीत होतं. पण तिथं मला लपायला जागा होती.” मग थोड्या वेळानं, “तिला लिहू द्या. फक्त ‘सोडली’ असं नको लिहूस. ‘आज घेतली नाही’ असं लिही.” मीटिंगचा आणि संघटनेचा उल्लेख गाळायचा, आणि पुस्तक टोपणनावानं काढायचं, हे त्या दोघांनीच बोलून ठरवलं.

मुलीला विचारायचं मात्र त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. ते मी सुचवलं. ती आता नोकरी करते, पुण्यात असते. तिनं सगळा कच्चा खर्डा वाचला आणि एका प्रसंगावर फुली मारली. दहावीच्या परीक्षेच्या सकाळचा प्रसंग. “ही गोष्ट माझी आहे, आई. लिहायची झाली तर मी लिहीन.” बाईंच्या मते पुस्तकातलं सगळ्यात चांगलं लिहिलेलं पान तेच होतं. त्यांनी ते काढलं. काढताना त्या रडल्या. माझ्या मनात त्यांच्याबद्दलचा आदर त्या दिवशी फार वाढला.

‘अधिकार काय?’ असं विचारणाऱ्या प्रत्येकाला मी अलीकडे तीन साधे प्रश्न विचारते. जे सांगणार आहात ते तुम्ही स्वतः केलंय का? ते कुणाच्या दुखण्यावर पाय देऊन जातंय का? आणि ज्यांची गोष्ट तुमच्या गोष्टीत मिसळलीय, त्यांना विचारलंय का? पूर्ण सावरलेला असण्याची अट मी घालत नाही. तशी घातली तर कुणीच कधी काही सांगणार नाही, आणि अंधारात ओट्यापाशी उभं राहून पावलं मोजणाऱ्या बाईला आपण एकट्याच आहोत असंच वाटत राहील.

बाईंनी प्रकाशकांना कळवलं की पाच-पाच मुद्दे देणार नाही, आणि नावात ‘विजय’ किंवा ‘जिद्द’ नको. प्रकाशक नाराज झाले, महिन्याभरानं ‘आधी पूर्ण तर करा, मग बघू’ म्हणाले. सध्या पाचवं प्रकरण चालू आहे. पहिलं प्रकरण स्टँडच्या आवाजानं सुरू होतं, ‘मी’ घालून. नवऱ्याच्या बाटलीला त्यांनी परत हात लावलेला नाही. गुरुवारी मीटिंग असते, त्या दिवशी त्या लिहीत नाहीत.