वादळाचा वाऱ्याशी संबंध काय?

प्रश्न असा: एक डिप्रेशन, म्हणजे समुद्रावरचं कमी दाबाचं क्षेत्र, किनाऱ्याला समांतर सरकत निघून गेलं. वारा बेताचाच, पाऊस मात्र धो धो. बातम्यांत ‘वादळ धडकलं’, आणि लोक म्हणतात, ‘वादळ कसलं, नुसता पाऊस!’ तर याला वादळ म्हणावं का, आणि ‘धडकलं’ हे बरोबर का?

‘धडकलं’ आधी निकालात काढतो, कारण दर मोसमात ते ऐकून डोकं उठतं. वादळाचं केंद्र समुद्र सोडून जमिनीवर आलं, तर ती धडक. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. तौक्ते मात्र महाराष्ट्राचा किनारा उजवीकडे ठेवून समुद्रातूनच वर गेलं आणि १७ मे २०२१ च्या रात्री सौराष्ट्रात जमिनीवर चढलं. नुकसान आपल्याकडेही बक्कळ केलं, पण धडकलं नाही. अशा वेळी घसटून गेलं म्हणा, चाटून गेलं म्हणा. चांगली क्रियापदं गंजत पडली आहेत.

हवामान खात्यापुरतं बोलायचं तर वाऱ्याचा वेग ताशी ३१ ते ४९ किलोमीटर असेल तर डिप्रेशन, ५० ते ६१ असेल तर तीव्र डिप्रेशन, आणि ६२ पासून पुढे चक्रीवादळ. म्हणजे तुमचं ते चक्रीवादळ नव्हतं. विषय संपला.

पण नुसतं ‘वादळ’? इथे गंमत आहे. कुणालाही विचारा, ‘वात अधिक दल, म्हणजे वाऱ्याचं सैन्य’ अशी फोड ऐटीत ऐकवतील. भाषेवर व्याख्यानं देणारेही ऐकवतात. ही फोड कानाला गोड आहे, एवढाच तिचा गुण. आता शेजारी बघा. गुजरातीत ‘वादळ’ म्हणजे ढग. हाच शब्द, हाच ळ, आणि अर्थ ढग! हिंदीत ‘बादल’, तोही ढग. बंगालीत ‘बादल’ म्हणजे पाऊस, पावसाळी हवा. वाऱ्याच्या सैन्याचा सगळीकडे ढग आणि पाऊस कसा झाला, हे त्या सैन्यवाल्यांनी एकदा सांगावं.

मूळ शब्द ‘वार्दल’. वार् म्हणजे पाणी. संस्कृत कोशांत वार्दलचा अर्थ पावसाळी, कुंद दिवस असा दिला आहे. प्राकृतात त्याचं ‘वद्दल’. आता कोणी म्हणेल, हा संस्कृत शब्द फक्त कोशांतच भेटतो, कदाचित प्राकृतावरूनच मागाहून घडवला असेल. असेना. पाणी कुठे जात नाही. सर्प, सप्प, साप. कर्म, कम्म, काम. तसंच वद्दल, वादळ. उलट ‘वात’मधला त दोन स्वरांच्या मध्ये सापडलेला, मातेची माय होताना तो जसा गळाला तसाच इथेही गळायला हवा होता. वादळात त्याची जागा कुठे दिसते? कुठेच नाही.

मग मराठीतच पाण्याचा वारा का झाला? हा माझा तर्क आहे, पटला तर घ्या. पावसासाठी प्रावृष् पासून आलेला ‘पाऊस’ आपल्याकडे पक्का बसला होता. वर ढग होते, आभाळ होतं, मेघ होते. वादळाला स्वतःचं काम उरलं नाही. पावसाळी दिवसात उरलं काय, तर घोंघावणारा वारा. शब्दाने तोच धरला. आणि आपली ही खोड एकाच शब्दापुरती नाही. ‘तुफान’ घ्या. अरबीत तो आधी महापुराचा शब्द, नूहच्या, म्हणजे बायबलातल्या नोहाच्या, काळातला प्रलय तो हाच. आपल्याकडे आला आणि सुटला वाऱ्याच्या मागे. (अर्थ बदलायला मला हरकत नाही. खोटी फोड सांगायला आहे.)

‘चक्रीवादळ’ हे सायक्लोनचं कृत्रिम भाषांतर म्हणून नाकं मुरडणारेही भेटतात. सायक्लोन हा शब्द तरी कुठे आभाळातून पडला? कलकत्त्यात बसून हेन्री पिडिंग्टन या वादळांच्या अभ्यासकाने १८४८ मध्ये तो ग्रीकवरून घडवला, आणि त्या ग्रीक शब्दाचा सापाचं वेटोळं हाही एक अर्थ आहे, असं त्यानेच नोंदवलं. आता ग्रीक ‘कुक्लोस’ आणि आपलं ‘चक्र’ हे एकाच मुळाचे सख्खे भाऊ. म्हणजे चक्रीवादळातलं चक्र उसनं आणलेलं नाही, ते घरचंच आहे. त्याच्यापुढचं ‘वादळ’ तेवढं लोक अजून वाऱ्याच्या खात्यावर मांडतात.

तर ज्यांनी ‘वादळ कसलं, नुसता पाऊस’ म्हटलं, त्यांनी मुळाच्या हिशोबाने ‘पाऊस कसला, नुसता पाऊस’ म्हटलं. आणि ‘वादळी पाऊस’ म्हणजे काय, ते तुम्हीच मांडून बघा.