पहिल्यांदाच कॅटामरानवर? एवढं सांभाळा

ग्रीसच्या सँटोरिनी बेटावर कॅटामरानची सहल ठरवलीत, छान केलंत! बोट लागेल म्हणून फार घाबरू नका. दोन होड्या जोडल्यासारखी ही बोट साध्या शिडाच्या बोटीपेक्षा कमी कलंडते. मात्र जुलै-ऑगस्टात उत्तरेकडून मेल्तेमी नावाचा जोराचा वारा सुटतो. उलटीची गोळी घ्यायचीच तर निघण्याआधी घ्या, पोटात ढवळायला लागल्यावर उपयोग नाही.

नवखे लोक हमखास चुकतात ते इथे:

- पांढरे कपडे घालून गरम झऱ्यात उतरणं. सँटोरिनीलगतच्या कामेनी या ज्वालामुखी बेटांजवळचं ते पाणी लोहामुळे तांबूस असतं. माझा पांढरा टीशर्ट अजून चहात बुचकळल्यासारखा दिसतो.
- बोट झऱ्यापर्यंत जाते असं समजणं. ती अलीकडेच थांबते, पुढे गार पाण्यातून पोहत जायचं. पोहायला कच्चे असाल तर लाइफ जॅकेट मागून घ्या, लाजू नका. आणि ‘गरम’ म्हणजे वज्रेश्वरी नव्हे हो, कोमटच!
- बोटीच्या पुढच्या भागात ताणलेल्या जाळीवर फोन खिशात ठेवून लोळणं. खाली थेट समुद्र आहे.

सूर्यास्ताच्या फेरीचा मोह होईल, पण वारा बहुधा दुपारी चढतो. पहिल्या खेपेला सकाळचीच घ्या.