कोणता साप कुठे असतो: शेतकऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरे

शेतकरी बंधू-भगिनींनो, सध्या तीन प्रश्न फिरून फिरून येत आहेत. गंजीतून चारा उपसताना साप निघाला, तो कोणता असेल? गोठ्यात शिरलेला लांबलचक साप मारला, बरोबर केले का? आणि बांधावरची बिळे बुजवली तर साप जातील का?

बिळांचे आधी सांगतो. नाग आणि धामण स्वतः बीळ खोदत नाहीत. उंदरांनी पोखरलेल्या बांधात किंवा वारुळात ते आयते राहतात. नुसती भोके लिंपली तर उंदीर पलीकडे नवे पोखरतो आणि साप त्याच्यामागे जातो. सांडलेले धान्य आणि उघडी पोती आवरा, उंदीर कमी करा.

गंजीत, पाचटात, गवताळ बांधावर पहिली शंका घोणस सापाची घ्या. तपकिरी अंगावर साखळीसारखे गडद ठिपके, तीन रांगांत. वेटोळे घालून पडला की वाळक्या पाल्यात मिसळून जातो. कुकरच्या शिट्टीसारखा मोठा फुत्कार आला तर जागीच थांबा, अंदाज घ्या आणि सावकाश मागे सरा. पेंढी हाताने ओढू नका. आधी काठीने हलवा, मग आकडीने ओढा. खडकाळ, कोरड्या माळावर फुरसे दगडाखाली असते. दगड उचलायचाच असेल तर पलीकडची कड आकडीने आपल्याकडे उचला, म्हणजे साप आणि तुमच्यामध्ये दगड राहतो.

गोठ्यातला लांब, चपळ साप बहुतेक वेळा धामण असतो. ती बिनविषारी आहे आणि मुख्यतः उंदरांवर जगते. मारलीत, याचे मला वाईट वाटते. भातखाचरात, विहिरीत दिसणारी दिवडही बिनविषारी. बेडूक-मासे खाते, डिवचली तर कडाडून चावते.

खरी काळजी मण्यारची. ती रात्री फिरते, घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते. दंश दुखत नाही, खूण धड दिसत नाही. पहाटे पोटात कळ आणि पापण्या जड, एवढ्यावरच ओळखायची वेळ येते. काळसर तकतकीत अंगावर पांढरे बारीक पट्टे जोडीने असतात, शेपटीकडे ठळक, डोक्याजवळ विरळ. बिनविषारी कवड्याचे उलट: पट्टे मानेकडे ठळक, शेपटीकडे पुसट. पण हा फरक लांबूनच बघा. ओळखण्यासाठी साप हातात घेऊ नका. खाटेवर झोपा, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा. रात्री पाणी द्यायला जाताना गमबूट आणि बॅटरी हवीच.

दंश झालाच तर आवळपट्टी बांधू नका, चिरा देऊ नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. अंगठी, कडे काढा, तो अवयव हलू देऊ नका आणि लगेच दवाखाना गाठा. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर एकच प्रतिविष चालते. त्यामुळे साप शोधत किंवा मारत बसण्यात मिनिटे घालवू नका.