जुने कन्सोल, नवा टीव्ही आणि मधला स्केलर

प्रश्न : माझ्याकडे सुपर निन्टेन्डो आणि पहिले प्लेस्टेशन असे दोन कन्सोल चालू स्थितीत आहेत. एका साध्या अ‍ॅडॅप्टरने ते नव्या ४के टीव्हीला जोडले, तर चित्र धूसर आणि आडवे ताणलेले दिसते, कळ दाबल्यावर उडी किंचित उशिरा बसते आणि मार लागल्यावर लुकलुकणारे पात्र कधी कधी पूर्णपणे नाहीसे होते. दोष कशाचा आहे? जुना सिग्नल नव्या टीव्हीच्या आकारात वाढवणारे स्केलर नावाचे उपकरण घेतल्याने तो जाईल का?

उत्तर : कन्सोल आणि टीव्ही दोन्ही ठीक आहेत, अडचण सिग्नल ओळखण्यात आहे. जुन्या ट्यूबच्या टीव्हीसाठीचा ६० हर्ट्‌झचा सिग्नल सेकंदाला ६० वेळा, पण एका वेळी अर्ध्याच रेषा पाठवत असे, आधी विषम आणि मग सम, आणि दोन्ही मिळून ४८० रेषांचे चित्र होई. त्या काळच्या कन्सोलनी मात्र प्रत्येक वेळी त्याच २४० रेषांवर संपूर्ण चित्र काढण्याची युक्ती वापरली, आणि ट्यूबने ते बिनतक्रार दाखवले. नवे टीव्ही आणि स्वस्त अ‍ॅडॅप्टर या २४०पी सिग्नललाच अर्ध्या रेषांचा सिग्नल समजतात आणि लागोपाठच्या दोन स्वतंत्र चित्रांची सांगड घालू पाहतात. लुकलुकणारे पात्र एकाआड एक चित्रातच काढलेले असल्याने अशा जोडकामात ते कंगव्यासारखे फाटते किंवा गळूनच पडते. या कामासाठी चित्रे साठवून ठेवावी लागतात. एका चित्राला सुमारे १६.७ मिलिसेकंद लागतात, त्यामुळे तीन चित्रे अडकली की ५० मिलिसेकंद गेले. उडी उशिरा बसते ती यामुळे.

चांगला स्केलर २४०पी ओळखतो आणि प्रत्येक रेष जशीच्या तशी ठरावीक पटीत वाढवतो. तुमच्या टीव्हीच्या २१६० रेषा म्हणजे २४० ची बरोबर नऊ पट, म्हणून हिशेब स्वच्छ बसतो. १०८० रेषांच्या टीव्हीवर साडेचार पट येते आणि तिथे थोडी काटछाट किंवा मऊपणा पत्करावा लागतो.

मात्र स्केलरच्या आधी केबल बदला, हे मी आग्रहाने सांगेन. पिवळ्या पिनच्या कॉम्पोझिट केबलमध्ये उजेड आणि रंग एकाच तारेत मिसळलेले असतात, आणि एकदा मिसळलेले पूर्णपणे वेगळे करता येत नाही. महागडा स्केलरही तो गढूळपणा मोठा करूनच दाखवेल. तुमचे दोन्ही कन्सोल आरजीबी सिग्नल (लाल, हिरवा आणि निळा रंग वेगवेगळ्या तारांतून) देतात, तेव्हा स्कार्ट या रुंद, अनेक पिनांच्या जोडणीची आरजीबी केबल घ्यावी. सुपर निन्टेन्डोच्या ५० आणि ६० हर्ट्‌झच्या मॉडेलांसाठी या केबलची आतली रचना वेगळी असते, म्हणून आपले मॉडेल पाहूनच ती निवडावी.

स्केलर निवडताना ओएसएससी आणि रेट्रोटिंक ही नावे प्रामुख्याने समोर येतील. मूळ ओएसएससी पूर्ण चित्र न साठवता रेषा येताच वाढवून पुढे पाठवतो, त्यामुळे त्याचा विलंब नगण्य असतो. पण तो कॉम्पोझिट किंवा एस-व्हिडिओ (उजेड आणि रंग दोन तारांतून नेणारा सिग्नल) घेत नाही, आणि कन्सोलची मूळ गती तशीच पुढे देतो. सुपर निन्टेन्डोची गती ६०.१ हर्ट्‌झच्या आसपास आहे, आणि असा नेमका नसलेला सिग्नल काही टीव्ही नाकारतात. शिवाय प्लेस्टेशनचे काही खेळ मेनूपुरते ४८० रेषांवर जातात, आणि त्या प्रत्येक बदलाला टीव्ही नव्याने जुळवून घेईपर्यंत पडदा काळा राहतो. रेट्रोटिंक ५एक्स किंवा ४के यांत चित्र साठवण्याची सोय असल्याने हे खंड बरेच झाकले जातात. त्या पद्धतीत थोडा विलंब वाढतो, पण तो फारसा जाणवत नाही. दोन्ही कन्सोल एकाच टीव्हीवर नियमित खेळायचे असतील, तर मी ५एक्सच्या बाजूने कौल देईन.

ताणलेल्या चित्राला मात्र कोणतेही उपकरण लागत नाही. टीव्हीवर चित्राच्या रुंदी-उंचीचे प्रमाण ४:३ ठेवा, आणि विलंब कमी करण्यासाठी टीव्हीचा गेम मोड चालू करा.

प्रश्न : स्केलर लावला तर जुनी लाइट गन, म्हणजे पडद्यावर नेम धरून खेळायची बंदूक, नव्या टीव्हीवर चालेल का?

उत्तर : नाही. ती बंदूक ट्यूबच्या पडद्यावर रेषा आखत जाणारा उजेड नेमक्या क्षणी टिपते. सपाट पडद्यावर असा फिरणारा उजेडच नसतो, त्यामुळे स्केलर कितीही उत्तम असला तरी तिला काही दिसत नाही. त्या खेळांसाठी ट्यूबचा टीव्हीच हवा.