शांती नांदो की शांतता प्रस्थापित होवो?

निपाणीकडच्या एका तरुण मंडळाचा प्रश्न आला आहे. गावच्या चौकात त्यांना शांतिस्तंभ, म्हणजे चार बाजूंना चार भाषांत शांतीची प्रार्थना लिहिलेला खांब, उभारायचा आहे: मराठी, कन्नड, उर्दू, इंग्रजी. मराठी बाजूसाठी कुणीतरी ‘पृथ्वीवर शांतता प्रस्थापित होवो’ असं लिहून दिलंय. ते बरोबर आहे का, आणि ‘शांती’ की ‘शांतता’, एवढंच त्यांना हवं आहे.

चुकीचं काही नाही. पण ही ओळ सरकारी परिपत्रकातून उचलल्यासारखी वाटते, आणि त्याचं कारण ती इंग्रजीच्या वाटेनं आली हे आहे. अशा खांबांची कल्पना जपानची. तिथले आध्यात्मिक विचारवंत मासाहिसा गोई यांनी १९५५ च्या सुमारास ही प्रार्थना मांडली, आणि ती लिहिलेले खांब १९७६ पासून उभे राहू लागले. आज जगभरात ते २ लाखांहून जास्त असल्याचं हे काम करणारी मंडळी सांगतात. मूळ जपानी ओळ ‘सेकाई जिन्रुई गा हेइवा दे आरिमासु यो नि’ अशी आहे. सेकाई म्हणजे जग, जिन्रुई म्हणजे मानवजात, हेइवा म्हणजे शांती. जगातली माणसं शांततेत असोत, इतकं साधं मागणं. त्यात पृथ्वीही नाही आणि प्रस्थापनाही नाही. ‘मे पीस प्रिव्हेल ऑन अर्थ’ झालं तेव्हा पृथ्वी आली, आणि त्या ‘प्रिव्हेल’चं आपण ‘प्रस्थापित’ केलं.

‘प्रस्थापित’ची एक गंमत. आळंदीहून पालखीचं प्रस्थान होतं ना, त्याच घरातला हा शब्द. संस्कृतात प्रस्थापित म्हणजे रवाना केलेला. मराठीत अर्थ पार फिरला आणि आता तो रुळला आहे, त्यामुळे त्यावरून भांडायला नको. तरी शांती रवाना करणारा खांब मला तरी चौकात नको वाटतो.

आता शांती की शांतता. दोन्ही ‘शम्’ धातूचे, पण मराठीत कामं वाटून घेतली आहेत. शांतता बाहेरची: वाचनालयात राखायची, गणपतीच्या आधी पोलीस ठाण्यात जिची समिती बसते ती, करारात असते ती. शांती मनाची, घराची, देवाधर्माची: वास्तुशांती, ग्रहशांती, जिवाला शांती. ही वाटणी पक्की नाही. नोबेल ‘शांतता’ पुरस्कार म्हणतो, पण श्रीलंकेत गेली ती शांतिसेना. तरी एक कसोटी मला पुरेशी वाटते, आणि ती आपल्याच भागातली आहे. सीमाप्रश्न पेटला, बसगाड्या कोगनोळी नाक्यावर अडल्या की दुसऱ्या दिवशी पेपरात काय येतं? ‘शहरात तणावपूर्ण शांतता’. ‘तणावपूर्ण शांती’ कुणी लिहिलेली मी वाचली नाही. म्हणजे शांततेच्या पोटात तणाव मावतो, शांतीच्या मावत नाही. खांबावर शांतीच घ्या.

लिहिताना सुटा शब्द ‘शांती’ दीर्घ, समासात पुढे आला की ‘शांतिस्तंभ’ ऱ्हस्व. अर्थात गाव त्याला शांतीचा डांबच म्हणणार, ते धरून चाला.

क्रियापद मात्र ‘नांदो’ हवं, याबद्दल मी हट्टी आहे. नांदणे मूळचं ‘नन्द्’, आनंदात असणे. पण मराठीनं त्याला सासरी पाठवलं. निपाणीची मुलगी कागलला नांदते, गडहिंग्लजची चिकोडीला. नांदते म्हणजे नुसती राहत नाही. परक्या घराच्या रीती, सासूचा स्वभाव, जावेचे टोमणे, सगळं धरून तिथली होते. भांड्याला भांडं लागतं, तरी घर ‘नांदतं’ म्हणतात. गावात अठरापगड जाती गुण्यागोविंदानं नांदतात, तेव्हाही त्यांची भांडणं होत नाहीत असा कुणाचा दावा नसतो.

आणि शेजारच्या कन्नड बाजूला काय येईल ते बघा: ‘जगत्तिनल्लि शांति नेलेसलि’. नेले म्हणजे ठाव, मुक्काम. नेलेसलि म्हणजे ठाव धरू दे. ‘नांदो’ला याहून जवळचा शब्द शोधून सापडणार नाही. तिथला शेवटचा ‘-लि’ आणि आपला ‘-ओ’ एकच काम करतात. फरक इतकाच, की त्यांचा प्रत्यय अजून रोजच्या वापरात आहे. आमच्या गल्लीतली कन्नड आजी कुणी पाया पडलं की ‘ओळ्ळेदागलि’ म्हणते. माझी आई त्याच जागी ‘चांगलं होऊ दे’ म्हणायची, ‘होवो’ नव्हे. आपला ‘-ओ’ पसायदानातल्या ‘सांडो, वाढो, पडो’त ठणठणीत आहे, बोलण्यात मात्र ‘असो’, ‘मरो ते’ आणि ‘देव तुझं भलं करो’ एवढ्यापुरता उरला. म्हणून तो खांबावर शोभतो.

राहिली ‘पृथ्वी’. ती काढा, ‘जग’ घ्या. ‘जग काय म्हणेल’ म्हणतो तेव्हा जग म्हणजे माणसंच असतात. जपानी ओळीतली मानवजात त्या एका शब्दात येऊन बसते. म्हणजे ओळ झाली: ‘जगात शांती नांदो’.

आपल्याकडे फलकावर कुठली भाषा वर आणि किती अक्षरात, यावरून काय काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. चौकोनी खांबाला तो प्रश्न नाही, प्रत्येक भाषेला आपली बाजू, वर-खाली कुणी नाही. रस्त्याकडे कुठली बाजू, यावर मंडळाची एक बैठक जाईल. चौक चारही रस्त्यांचा निवडलात तर तीही वाचेल.

रंगाऱ्याला ‘नांदो’वरचा अनुस्वार आधी कागदावर काढून दाखवा. मी ज्या वाचनालयात जायचो तिथे ‘शांतता राखा’मधला शेवटचा काना राहून गेला होता. दोन वर्षं आम्ही ‘शांतता राख’खाली बसून पेपर वाचले.